संताचे अनवाणी पाय: ट्रेंटची धर्मसभा आणि संतांची चित्रं

आज आपण दोन चित्रांपासून सुरुवात करू. दोन्ही चित्रं व्हेनिसच्या टिशियनची, आणि दोन्हींत एकच व्यक्ती आहे, मरीया मग्दालिया. पहिलं चित्र १५३०च्या दशकातलं. ते फ्लॉरेन्सला पित्ती राजवाड्यात आहे. बाईच्या अंगावर वस्त्र नाही. तांबूस-सोनेरी केसांचा लोट तिने हातांनी अंगाभोवती ओढून धरला आहे, पण झाकायला हवं ते त्याने झाकलं जात नाही. नजर आकाशाकडे, कोपऱ्यात सुगंधी तेलाची कुपी. दुसरं चित्र १५६०च्या दशकातलं, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातलं. तीच वर लागलेली नजर, तोच छातीशी गेलेला हात. पण आता अंगात पांढरा सदरा आहे, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची शाल आहे, रडून डोळे लाल झालेले आहेत, आणि समोर एक कवटी आहे. त्या कवटीला टेकवून एक पुस्तक उघडं ठेवलेलं आहे.

मधल्या तीसेक वर्षांत काय झालं? चित्रकार म्हातारा झाला, हे एक झालंच. त्याला कमी लेखू नये. पण त्याच काळात इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, ट्रेंट नावाच्या गावात कॅथलिक चर्चची एक मोठी धर्मसभा भरली, मोडली, पुन्हा भरली आणि १५४५ ते १५६३ अशी अठरा वर्षं रेंगाळून एकदाची संपली. तिच्या अगदी शेवटच्या बैठकीत संतांच्या प्रतिमांबद्दल एक ठराव झाला. पाठ्यपुस्तकात याचं एका ओळीत उत्तर असतं: चर्चने सांगितलं अंग झाका, चित्रकारांनी झाकलं. पण मग ती कवटी कुठून आली? पुस्तक कुठून आलं? रडून लाल झालेले डोळे कुठून आले? अंग झाकायला शाल पुरली असती. आज आपल्याला त्या कवटीचा आणि त्या डोळ्यांचा शोध घ्यायचा आहे.

त्याआधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत आपण ‘संत’ म्हणतो तेव्हा तो संत कोणी ठरवलेला नसतो. लोक म्हणायला लागले की झाला संत. त्याला कुठल्या कचेरीचा दाखला लागत नाही. कॅथलिक परंपरेतही पहिली कित्येक शतकं जवळपास असंच होतं. पुढे ते हळूहळू पोपच्या हाती गेलं. संतपद ही जाहीर होणारी गोष्ट झाली, तिला चौकशी आली, साक्षी आल्या, कागदपत्रं आली. हा फरक ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मध्ययुगातला संत हा मुख्यतः कामाला येणारा माणूस होता. दात दुखतोय? संत अपोलोनिया. तिचे दात उपटून तिचा छळ झाला, म्हणून तिच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात. प्लेग आला? सेबास्टियन आणि रॉक. प्रवासाला निघालात? क्रिस्टोफर. हा खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी पार करणारा राक्षसासारखा धिप्पाड पुरुष चर्चच्या भिंतीवर भलामोठा रंगवायचे, दारातून सहज दिसेल असा. कारण लोकांची समजूत अशी की सकाळी त्याचं चित्र पाहिलं की त्या दिवशी अकस्मात मरण येत नाही. इरॅस्मसने १५११ साली छापलेल्या ‘मूर्खपणाची स्तुती’ या पुस्तकात या समजुतीची यथेच्छ टिंगल केली आहे, आणि इरॅस्मस काही प्रोटेस्टंट नव्हता.

या संतांना ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून नाही. चेहरे सगळ्यांचे सारखेच, शांत आणि गोरेगोमटे. ओळखायचं हातातल्या वस्तूवरून: कॅथरिनचं मोडलेलं चाक, बार्बराचा बुरूज, पेत्राच्या किल्ल्या. आणि त्या वस्तूमागची गोष्ट यायची ती बहुतेक वेळा तेराव्या शतकात याकोपो दा वोराजिने यांनी जमवलेल्या ‘सुवर्णकथा’ नावाच्या संग्रहातून. त्यात खरं किती, ऐकीव किती, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. गोष्ट सुंदर आहे आणि संत पावतो आहे, एवढं पुरे होतं.

मग लूथर आला, १५१७ साली. प्रतिमांच्या बाबतीत लूथर स्वतः पुष्कळ मवाळ होता. त्याच्याभोवतीचे लोक मात्र नव्हते. त्याचा सहकारी कार्लश्टाट याने १५२२ साली विटेनबर्गमध्ये प्रतिमा काढून टाकाव्यात म्हणून पुस्तिका लिहिली. झुरिकमध्ये झ्विंग्लीच्या प्रभावाखाली १५२४ साली चर्चमधल्या प्रतिमा नगरसभेच्या हुकमाने उतरवल्या गेल्या. गवंडी-सुतार लावून, रीतसर. आणि १५६६च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमागून चर्च फोडलं. अँटवर्पच्या मोठ्या कॅथीड्रलमधल्या मूर्ती, वेद्या, चित्रं अशीच गेली.

या मंडळींचा आक्षेप काय होता हे नीट ऐकून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी कला या आक्षेपाला दिलेलं उत्तर आहे. पहिला आक्षेप असा: तुम्ही लाकडापुढे गुडघे टेकता. तुम्ही म्हणाल आम्ही लाकडापुढे नाही, लाकूड ज्याची आठवण देतं त्याच्यापुढे टेकतो. पण मग या गावातली मेरी पावते आणि त्या गावातली नाही, असं का म्हणता? दुसरा आक्षेप पैशाचा: देवाची खरी प्रतिमा म्हणजे गरीब माणूस, तो थंडीने कुडकुडतोय आणि तुम्ही लाकडी संताला रेशीम नेसवताय. आम्हाला हा दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा जड वाटतो. कॅथलिक बाजूने उत्तरं मात्र प्रामुख्याने पहिल्याला दिली.

आता ट्रेंटचा ठराव. डिसेंबर १५६३. पोप चौथा पायस आजारी, तो गेला तर सभा पुन्हा लांबणीवर पडणार, सगळ्यांना घरी जायची घाई. फ्रान्समध्ये ह्यूगेनो मंडळी प्रतिमा फोडत होती, म्हणून फ्रेंच बिशपांना हा विषय टाळून जाणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे ठराव आला तो घाईत आणि छोटासा. चित्रकलेच्या इतिहासावर इतका परिणाम झालेला इतका लहान मजकूर क्वचितच सापडेल.

त्यात काय आहे? संत देवाकडे आपल्यासाठी प्रार्थना करतात, म्हणून त्यांना विनवणं योग्य आहे. त्यांच्या प्रतिमा चर्चमध्ये असाव्यात. पण प्रतिमेत काही दैवी शक्ती आहे म्हणून नव्हे, तिच्याकडे काही मागायचं म्हणून नव्हे. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्या मूळ व्यक्तीला पोचतो. प्रतिमांमुळे लोक शिकतात, आणि संतांसारखं जगावं अशी प्रेरणा त्यांना मिळते. अडाणी माणसाची दिशाभूल होईल असं काही चित्रात नको. कामुक सौंदर्य नको. आणि चर्चमध्ये काही नेहमीपेक्षा वेगळं चित्र लावायचं असेल तर आधी बिशपची मंजुरी घ्या. बस्स. कुठल्या शैलीत काढा, कोणते संत काढा, रक्त दाखवा की नको, याबद्दल चकार शब्द नाही.

मान मूळ व्यक्तीला पोचतो, हे सूत्र जुनंच. ७८७ सालच्या निकीयाच्या दुसऱ्या सभेने ते आधीच मान्य केलं होतं. पण त्याच्याकडे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावं. प्रतिमा ही खूण आहे, बोट दाखवणारी वस्तू आहे, असं एकदा म्हटलं की तिच्यावर एक नवी जबाबदारी येते. जी वस्तू स्वतःच्या बळावर पावते तिला खरं असावं लागत नाही. ताईत खरा की खोटा हा प्रश्न तो लागू पडतो की नाही एवढाच असतो. पण बोट दाखवणारी वस्तू चुकीकडे बोट दाखवू शकते. क्रिस्टोफर नावाचा असा धिप्पाड माणूस कधी झालाच नसेल, तर त्या चित्राला दिलेला मान कुणाला पोचला? म्हणजे ‘प्रतिमेत शक्ती नाही’ असं सांगून चर्चने टीकाकारांना उत्तर दिलं खरं. पण त्याबरोबर प्रत्येक चित्राला ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न आपणहून लावून घेतला. आमच्या मते पुढच्या शंभर वर्षांतल्या संतचित्रांची किल्ली इथे आहे, अंग झाकण्यात नाही.

अंग झाकण्याचंही झालं, ते आधी उरकून घेऊ. रोमच्या सिस्टीन चॅपलमधला मायकेलअँजेलोचा ‘अंतिम न्याय’ १५४१ साली पूर्ण झाला होता आणि तेव्हापासून कुरबूर चालूच होती. ठराव झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात, जानेवारी १५६४मध्ये, त्यातली नग्न अंगं झाकायचं ठरलं. फेब्रुवारीत मायकेलअँजेलो वारला. त्याचाच चाहता असलेल्या दानिएले दा वोल्तेर्राने हे काम केलं आणि ‘चड्डीवाला’ अशा अर्थाचं टोपणनाव जन्मभरासाठी पदरात पाडून घेतलं. बहुतेक ठिकाणी त्याने नुसती वस्त्रं रंगवली. एका ठिकाणी मात्र गिलावा फोडून नवं चित्र काढलं, आणि ती जागा नेमकी दोन संतांची: कॅथरिन आणि ब्लेझ. कॅथरिन आपलं चाक घेऊन वाकलेली, पूर्ण नग्न. तिच्या मागे ब्लेझ लोखंडी फण्या घेऊन ओणवलेला. लोकांना त्यात भलतंच दिसलं. नव्या चित्रात कॅथरिनला हिरवं वस्त्र मिळालं आणि ब्लेझची मान ख्रिस्ताकडे वळली.

पण त्याच वर्षी जिलिओ नावाच्या एका धर्मपंडिताने चित्रकारांच्या चुकांवर एक संवाद छापला, तो वाचला की नग्नता ही त्याच्या अनेक तक्रारींतली एक तक्रार आहे हे कळतं. देवदूतांना पंख नाहीत. शेवटच्या दिवशी वारा कसा असेल, मग वस्त्रं का फडफडतात? ख्रिस्ताला दाढी का नाही? आपल्याला हसू येतं. पण हा माणूस चित्र वाचतो आहे एखाद्या जबानीसारखं, ओळीओळीवर बोट ठेवून. १५७३ साली व्हेनिसला वेरोनेजेला धर्मन्यायालयापुढे उभं केलं तेव्हाचे प्रश्नही याच जातीचे होते. येशूच्या शेवटच्या भोजनात जर्मन शिपाई कसे, पोपटवाला विदूषक कशाला, नाकातून रक्त येणारा नोकर कोण? त्याला चित्र दुरुस्त करायला सांगितलं. त्याने फक्त चित्राचं नाव बदललं, ‘लेवीच्या घरची मेजवानी’ केलं, आणि प्रकरण मिटलं.

ठराव छोटा, म्हणून त्याचा विस्तार करणारी पुस्तकं निघाली. लूव्हाँच्या मोलानुसचं १५७० साली, आणि बोलोन्याचा कार्डिनल पालेओत्ती याचं १५८२ साली. पालेओत्ती आम्हाला यांतला सर्वांत समंजस वाटतो. चित्रकार हा न बोलणारा प्रवचनकार आहे, असा त्याचा विचार. प्रवचनकाराने जसं समोरच्याला कळेल आणि भिडेल असं बोलायचं, तसंच चित्रकाराने काढायचं. पांडित्य मिरवायचं नाही, आणि शंकास्पद गोष्ट खरी म्हणून खपवायची नाही. त्याचं पुस्तक पाच भागांचं ठरलं होतं, छापून आले दोनच. स्पेनमध्ये पुढे पाचेको, म्हणजे वेलास्केझचा गुरू आणि सासरा, सेव्हिलच्या धर्मन्यायालयाने नेमलेला चित्रांचा तपासनीसच झाला. क्रुसावर खिळे तीन की चार (त्याच्या मते चार), योसेफ म्हातारा की तरुण, असल्या प्रश्नांवर त्याने पानंच्या पानं लिहिली. योसेफाचं उदाहरण गोड आहे. मध्ययुगात तो कोपऱ्यात पेंगणारा, कधी कधी चक्क विनोदी म्हातारा असायचा. या काळात तो तिशीतला, धडधाकट, मुलाचा हात धरून चालणारा बाप झाला. कारण काय? इजिप्तपर्यंत बायकोमुलाला घेऊन पळणारा आणि सुतारकामावर घर चालवणारा माणूस जख्ख म्हातारा कसा असेल? पुन्हा तेच: खरं कसं असेल?

खरेपणाचा हा आग्रह टोकाला गेला की काय होतं ते रोममध्ये त्रास्तेवेरे भागातल्या संत सेसिलियाच्या चर्चमध्ये पाहायला मिळतं. सेसिलिया ही संगीताची संत. राफाएलने १५१५च्या सुमारास तिचं चित्र काढलं (ते बोलोन्याला आहे), त्यात तिच्या हातात छोटा ऑर्गन आहे, पायाशी वाद्यांचा ढीग आहे, शेजारी आणखी चार संत उभे आहेत. आता १५९९ साली काय झालं, तर त्या चर्चच्या दुरुस्तीत कार्डिनल स्फोंद्रातीला वेदीखाली तिची शवपेटी सापडली. देह कुजला नव्हता, असं जाहीर झालं. सगळं रोम लोटलं. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वीच शहराबाहेर जमिनीखालची जुनी ख्रिस्ती दफनस्थळं अचानक उघडी पडली होती, आणि बारोनियो हा इतिहासकार चर्चचा साद्यंत इतिहास कागदपत्रांवरून लिहीत होता. म्हणजे हवा तयारच होती. स्तेफानो मादेर्नो या तरुण शिल्पकाराला पुतळा करायला सांगितलं. तो १६०० साली झाला आणि आज वेदीखाली आहे. पांढऱ्या संगमरवरात एक मुलगी कुशीवर पडलेली. चेहरा जमिनीकडे वळलेला, डोक्याला फडकं, मानेवर तलवारीच्या घावाची बारीक रेघ. ऑर्गन नाही, मुकुट नाही, देवदूत नाही. चेहरासुद्धा आपल्याला दिसत नाही. सोबतच्या लेखात म्हटलं आहे की आम्ही तिला थडग्यात जशी पाहिली तशीच ही कोरली आहे. राफाएलच्या सेसिलियाला हातातल्या वाद्यावरून ओळखायचं. मादेर्नोची सेसिलिया हा पंचनामा आहे. आणि हे आवर्जून सांगायला हवं की पंचनामा असूनही, किंबहुना त्यामुळेच, ते शिल्प पोटात कालवतं.

रोमच्याच सांतो स्तेफानो रोतोंदो या वर्तुळाकार चर्चमध्ये १५८०च्या दशकात पोमारांचोने भिंतभर रक्तसाक्षींचे छळ रंगवले. उकळतं तेल, आऱ्या, दगड. प्रत्येक प्रसंगावर अ, ब, क अशी अक्षरं आणि खाली लॅटिन व इटालियनमध्ये तक्ता, शाळेतल्या शरीरशास्त्राच्या आकृतीसारखा. कला म्हणून आम्हाला ही चित्रं ओबडधोबड वाटतात. पण ती कुणासाठी होती? ते चर्च येशुसंघाच्या कॉलेजकडे होतं आणि त्या कॉलेजात शिकून तरुण धर्मगुरू जर्मनी-हंगेरीकडे जायचे, जिथे त्यांच्यावर खरंच काहीही प्रसंग ओढवू शकत होता. भिंतीवरचे संत त्यांना शांतपणे सांगत होते की असं असं होऊ शकतं.

आता कवटीकडे येऊ. प्रोटेस्टंटांनी पापनिवेदनाचा संस्कार नाकारला होता. धर्मगुरूपुढे पाप सांगायचं, त्याने क्षमा द्यायची, हे नको म्हणाले. मग कॅथलिक चर्चला पश्चात्ताप करणारे संत फार महत्त्वाचे झाले. तीनदा येशूला नाकारून ढसाढसा रडलेला पेत्र एल ग्रेकोने पुन्हा पुन्हा काढला. आणि मग्दालिया. जुनी मग्दालिया तेलाच्या कुपीवरून ओळखू यायची. नवीन मग्दालिया डोळ्यांवरून ओळखायची: ती मरणाचा विचार करते आहे, वाचते आहे, रडते आहे. तिच्या आत काहीतरी चाललं आहे. बघा, ‘संतांसारखं जगावं’ असं ठराव म्हणतो. पण चाक हातात घेऊन उभ्या असलेल्या कॅथरिनसारखं जगायचं म्हणजे काय करायचं? रडणाऱ्या मग्दालियासारखं मात्र आपल्याला रडता येतं. संत कामाला येणारा होता, तो आता अनुकरणाचा झाला, आणि अनुकरण करायचं तर त्याला मन हवं.

इथेच खरी अडचण सुरू होते. संत आपल्यासारखा असावा, म्हणजे त्याचं अनुकरण होईल. संत आपल्यासारखा नसावा, म्हणजे त्याला वंदन होईल. दोन्ही हवं. चित्रकाराने काय करायचं?

कॅराव्हाज्जोने काय केलं ते पाहू. १६०२ साली रोममधल्या फ्रेंच लोकांच्या चर्चमध्ये, कोंतारेल्ली चॅपलमध्ये, वेदीवर लावण्यासाठी संत मत्तयाचं चित्र त्याला सांगितलं: मत्तय शुभवर्तमान लिहितो आहे आणि देवदूत सांगतो आहे. कॅराव्हाज्जोने एक टक्कल पडलेला, दणकट शेतकरी खुर्चीवर बसवला, पायावर पाय टाकून. कपाळावर आठ्या. हातात लेखणी धरलीय ती कुदळ धरावी तशी. शेजारी बिलगून उभा असलेला तरुण देवदूत त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेतो आहे, जसं आपण पहिलीतल्या पोराकडून घेतो. आणि मत्तयाचा एक अनवाणी पाय थेट चित्राबाहेर, आपल्या तोंडाशी आलेला. ते चित्र वेदीवर लागणार होतं. म्हणजे मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूच्या डोक्याच्या जरा वर तो पाय येणार, आणि पवित्र भाकर उंच धरली की ती त्याच्या जवळ जाणार. बेल्लोरी हा सतराव्या शतकातला चरित्रकार सांगतो की धर्मगुरूंनी ते चित्र काढून ठेवलं: या माणसात संताची शोभा नाही, पायावर पाय टाकून बसलाय आणि पाय असभ्यपणे लोकांना दाखवतोय. विन्चेंत्सो जुस्तिनियानी या श्रीमंत रसिकाने ते स्वतःसाठी घेतलं. पुढे ते बर्लिनला गेलं आणि १९४५ साली युद्धाच्या शेवटी नष्ट झालं. आज आपल्याकडे त्याची काळी-पांढरी छायाचित्रं आहेत, तेवढीच.

धर्मगुरूंना नावं ठेवणं सोपं आहे. पण कॅराव्हाज्जो ठरावाच्या बाहेर गेला होता का? मत्तय जकात गोळा करणारा माणूस, विद्वान नव्हे. त्याने लिहिलं ते देवाच्या प्रेरणेने लिहिलं, हाच तर चर्चचा सिद्धान्त. हात धरून गिरवून घेणं याहून प्रेरणेचं अचूक चित्र कोणतं? अडाणी माणसाला ते एका क्षणात कळलं असतं, पालेओत्तीच्या कसोटीला ते पुरेपूर उतरलं असतं. आणि तरीही ते वंदन करण्याजोगं नव्हतं, हेही खरं. त्याच्याकडे पाहून जवळीक वाटते, गुडघे वाकत नाहीत.

मग त्याने दुसरं काढलं. ते आजही तिथे आहे, चर्च उघडं असेल तेव्हा कुणालाही पाहता येतं. मत्तयाला लांबरुंद केशरी वस्त्र, डोक्यामागे तेजोवलयाची बारीक रेघ. देवदूत आता वर हवेत आहे आणि बोटांवर मुद्दे मोजून सांगतो आहे. मत्तय सुशिक्षित झाला आहे, त्याला गिरवून द्यावं लागत नाही. पण नीट पाहिलं तर तो घाईघाईने स्टुलावर एक गुडघा टेकून वळला आहे, स्टुलाचा एक पाय कट्ट्याबाहेर लटकतो आहे, आता पडेल की मग पडेल. आणि मत्तयाचे पाय? अनवाणीच आहेत! तक्रार पायाबद्दल होती, आणि पाय राहिले. बदललं ते एवढंच की ते आपल्या तोंडाशी येत नाहीत. प्रेषितांना अनवाणी दाखवायची पद्धत तशी जुनीच होती; ते पाय खरोखरचे वाटले, ही अडचण होती.

आता सुरुवातीचा तो फरक आठवा, संत ठरतो कसा. १५२३ ते १५८८ अशी पासष्ट वर्षं पोपने एकालाही संतपद दिलं नाही. प्रोटेस्टंटांचा मारा चालू असताना नवे संत करायची हिंमत नव्हती म्हणा. १५८८ साली पाचव्या सिक्स्टसने या कामासाठी स्वतंत्र खातं काढलं, आणि १२ मार्च १६२२ला पंधराव्या ग्रेगरीने एकाच दिवशी पाच जणांना संत जाहीर केलं: इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा, फिलिप नेरी, आणि बाराव्या शतकातला माद्रिदचा शेतकरी इसिदोर. चार स्पॅनिश आणि एक संत, अशी कुरबूर रोमच्या गल्ल्यांत झाली असं सांगतात; नेरी हा रोमकरांचा लाडका होता.

यांतले चार जण नुकतेच होऊन गेलेले होते. त्यांना पाहिलेली माणसं जिवंत असताना त्यांची चौकशी सुरू झाली होती. इग्नेशियसच्या मृत चेहऱ्याचा साचा घेतलेला होता. तेरेसाचं चित्र तर ती जिवंत असताना, १५७६ साली सेव्हिलमध्ये काढलेलं आहे. या संतांना चाक किंवा बुरूज देऊन भागणार नव्हतं, चेहरा त्यांचाच हवा होता. आणि उलट बाजूने, आठव्या अर्बनने १६२५ साली आणि पुन्हा १६३४ साली बंदी घातली की ज्याला अजून धन्य किंवा संत म्हणून मान्यता नाही त्याच्या चित्राला तेजोवलय द्यायचं नाही. तेजोवलयालासुद्धा दाखला लागायला लागला.

तेरेसाबद्दल बोलून पुढे जाऊ. बर्निनीने १६४७ ते १६५२ या वर्षांत रोममधल्या सांता मारिया देल्ला वित्तोरिया चर्चमध्ये केलेलं शिल्प: देवदूत हातात सोन्याचा बाण घेऊन, तेरेसा ढगावर मागे कोसळलेली, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. कामुकता टाळा म्हणणाऱ्या ठरावाच्या वारशात हे कसं बसलं, असं विद्यार्थी आम्हाला दर वर्षी विचारायचे, थोडंसं खट्याळपणे. उत्तर आत्मचरित्रात आहे. देवदूत, त्याच्या हातातला सोन्याचा भाला, काळजात घुसताना होणारी वेदना आणि त्या वेदनेचं माधुर्य, हे सगळं तेरेसाने स्वतः लिहून ठेवलेलं. बर्निनी साक्षीबरहुकूम गेला. वस्त्राच्या लाटांमधून तिचा एक अनवाणी पाय लोंबतो, तोही खरा: तिने सुरू केलेल्या कार्मेलाईट शाखेचं नावच ‘अनवाणी’ असं आहे. इथे पायाबद्दल कुणी तक्रार केली नाही.

राहिला झेवियर, आणि त्याच्याबरोबर आपण गोव्याला येतो. झेवियर १५४२च्या मे महिन्यात गोव्यात उतरला, १५५२च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, आणि १५५४ साली त्याचा देह गोव्याला आणला. येशुसंघाने त्याच्या चित्रांसाठी संतपदाची वाट पाहिली नाही. रुबेन्सने अँटवर्पच्या त्यांच्या चर्चसाठी झेवियरच्या चमत्कारांचं प्रचंड चित्र १६१७-१८च्या सुमारास केलं, म्हणजे जाहीर होण्याच्या चारेक वर्षं आधी. आजारी, आंधळे, मेलेले उठतायत, मागे मूर्ती कोसळतायत, आणि काळ्या झग्यातला झेवियर हात वर करून उभा. चौकशी चालू असताना केलेला हा चित्रांतला युक्तिवादच म्हणायचा. दुसरीकडे त्याची एक साधी मुद्राही पसरली: हात छातीवर, डोळे वर, देवाच्या प्रेमाने पेटलेलं हृदय, आणि पुरे देवा, एवढं सोसवत नाही, असा भाव. ही मुद्रा युरोपातल्या छापील चित्रांवरून जपानपर्यंत गेली. कोबेच्या संग्रहालयात एका जपानी चित्रकाराने काढलेली प्रत आहे, तीत झेवियरच्या हातांत लाल हृदय आहे आणि त्यातून क्रूस उगवला आहे.

गोव्यात काय झालं? ट्रेंटचे ठराव इथे लागू करण्यासाठी १५६७ साली प्रांतिक धर्मसभा भरली. तिने बजावलं की ख्रिस्ती प्रतिमा बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत. हे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरून ते किती पाळले गेले हे समजा. गोव्यातल्या हस्तिदंती मूर्ती पाहिल्यात तर डोळ्यांची ठेवण, वस्त्राच्या चुण्या, पायाखालचं कमळ यांत इथला हात लपत नाही. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे अवश्य जा.

आणि तिथून चालत बॉम जेझूला जा. १६३६-३७ साली गोव्याच्या कारागिरांनी झेवियरसाठी रुप्याची पेटी घडवली. तिच्या चारही बाजूंना रुप्याच्या पत्र्यावर त्याच्या आयुष्यातले प्रसंग उठवले आहेत: ज्यांची चौकशी झाली, साक्षी झाल्या, शिक्कामोर्तब झालं ते. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने केलेला संगमरवरी चौथरा तस्कनीच्या ड्यूकने पाठवला आणि १६९८ साली पेटी त्यावर चढवली. चौथरा इतका उंच आहे की खालून ते प्रसंग धड वाचता येत नाहीत. पहायचे तर दुर्बीण न्यावी लागेल. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून शेजारच्या से कॅथीड्रलमध्ये नेतात, अलीकडे २०२४च्या नोव्हेंबरात नेली होती. तेव्हा लाखो लोक रांगेत उभे राहतात, त्यांत ख्रिस्ती असतात आणि हिंदूही असतात. तिथे ‘गोंयचो सायब’ म्हणून त्याला हाक मारतात आणि मुलाबाळांचं, दुखण्याखुपण्याचं, नोकरीचं मागणं मागतात.